परंदवडीहून हैदराबाद : चार जणांचे कुटुंब, तीन दिवस आणि तेरा हजारांचा हिशेब

हैदराबादला जायचे, असे आमच्या घरात नऊ वर्षे चालले होते. एका वर्षी घराचा हप्ता आडवा आला, एका वर्षी नणंदेचे लग्न, मग मुलीचे अकरावीचे अ‍ॅडमिशन. अम्मींचे माहेर सोलापूरचे. लहानपणी त्यांच्या अब्बांकडून चारमिनारच्या गोष्टी त्यांनी इतक्या ऐकल्या होत्या, की न बघताच त्या सगळे सांगू शकायच्या. शेवटी आम्ही गेलो तेव्हा अम्मींचे गुडघे गेले होते. चारमिनार त्यांनी बघितला, पण खालून. म्हणून हा लेख लिहिताना पहिली गोष्ट हीच सांगतो : पैसे पूर्ण जमले की जाऊ, असे म्हणू नका. तारीख आधी ठरवा, पैसे त्या तारखेपर्यंत जमवा.

परंदवडी, सोमाटणे, तळेगाव, देहूरोड या पट्ट्यातली आपली बहुतेक घरे नोकरी, गाडी नाहीतर छोट्या धंद्यावर चालतात. सहल म्हटले की लोणावळा, पवना धरण, फार तर मुंबईला हाजी अली. परराज्यातले मोठे शहर म्हणजे पैसेवाल्यांचे काम, असा आपला समज आहे. तो चुकीचा आहे. तीन घरांनी मिळून आम्ही ही सहल केली. जे कळले आणि जे चुकले ते इथे क्रमाने मांडतो.

हैदराबादच का?

पुण्याहून रेल्वेने सुमारे 600 किलोमीटर. रात्री बसले की दुसऱ्या दिवशी तिथे. जेवणाची चिंता नाही, मशीद पावलोपावली आणि बोली तर आपलीच. तिथली दखनी ऐकून आमची मुले चकित झाली. ‘नक्को’ हा शब्द आपल्या ‘नको’चाच भाऊ. ‘वहीच’, ‘मैंच’ म्हणताना शेवटी येणारा ‘च’ मराठीतून गेलेला. मात्र एक लक्षात ठेवा, हैदराबादी माणूस ‘परसों’ म्हणाला तर ते परवाच असेल असे नाही. गेल्या वर्षीचे लग्नही त्याच्यासाठी ‘परसों’च असते!

नातेही जुने आहे. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सुलतान बाजारजवळ जामबागेत मराठी माणसांनी 1907 साली काढलेली विवेकवर्धिनी ही संस्था आजही आहे. त्याच्याही आधी, 1677 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना या शहरात, म्हणजे तेव्हाच्या भागानगरात आले होते. गोवळकोंड्याचा सुलतान अबुल हसन तानाशाह याने त्यांचे स्वागत केले आणि दोघांत करार झाला. मावळातल्या मुलांना ही गोष्ट त्याच जागी उभे राहून सांगता येते. वर्गात फळ्यावर सांगण्यात आणि तिथे सांगण्यात किती फरक पडतो, ते आम्ही शिक्षक म्हणून बघितले.

कधी जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरे. मार्चनंतर गोवळकोंड्याचा दगड तापतो, लहान मुले आणि म्हाताऱ्यांना झेपत नाही. दरवर्षी 1 जानेवारीपासून साधारण दीड महिना नामपल्लीच्या मैदानावर ‘नुमाइश’ हे मोठे प्रदर्शन भरते. मुलांना पाळणे, बायकांना खरेदी. पण त्या काळात नामपल्लीतले लॉज लवकर भरतात.

रमजानमध्ये चारमिनारचा बाजार रात्रभर जागा असतो आणि हलीम खरे तर त्याच महिन्याची. पण रोज्यात दिवसभर किल्ले चढणे कठीण आहे. फक्त बाजार आणि इबादत करायची असेल तर रमजान, प्रेक्षणीय स्थळे बघायची असतील तर दुसरा महिना. गणेश विसर्जन, बोनालू आणि मोहर्रमच्या मिरवणुकीच्या दिवशी जुन्या शहरातले रस्ते बदलतात. म्हातारी माणसे बरोबर असतील तर ते दिवस टाळा.

वारही बघा. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद असतात. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद. आम्ही जुम्याची नमाज गावात पढून शुक्रवारी रात्री निघालो. मक्का मशिदीत जुमा पढायचाच असेल तर बुधवारी रात्री निघा आणि संग्रहालय शनिवारी ठेवा.

गाडी आणि तिकीट

परंदवडीहून सोमाटणे फाट्यावर, तिथून तळेगाव स्टेशन आणि लोकलने पुणे. दुपारी लोकलच्या वेळेत मोठे अंतर पडते आणि रात्री उशिरा गाड्या कमी होतात. म्हणून रात्री नऊ-साडेनऊची लोकल धरा. पुण्यात दोन-तीन तास बसावे लागले तरी चालेल.

पुण्याहून दोन तऱ्हा आहेत. शताब्दी सकाळी निघते, बसून प्रवास, भाडे जास्त. हुसेनसागर एक्सप्रेस मुंबईहून रात्री निघते, पुण्याला मध्यरात्रीनंतर येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हैदराबादला पोचवते. स्लीपरचे भाडे कमी आणि रात्रीचा लॉज वाचतो. आम्ही हीच घेतली.

इथे चार गोष्टी नीट वाचा.

एक, तारखेची फसगत. गाडी पुण्याला रात्री बारानंतर येते, म्हणजे शुक्रवारी रात्री निघणाऱ्याचे तिकीट शनिवारच्या तारखेचे हवे. आमच्याबरोबरच्या एका घराने शुक्रवारचे काढले होते. नशिबाने दोन आठवडे आधी लक्षात आले, रद्द करून पुन्हा काढले. पैसे मात्र कापले गेले.

दोन, स्टेशन. शहरात हैदराबाद (म्हणजेच नामपल्ली), सिकंदराबाद, काचीगुडा, लिंगमपल्ली आणि पूर्वेकडचे चेर्लापल्ली अशी वेगवेगळी स्टेशने आहेत. सिकंदराबादचे बांधकाम चालू असल्याने काही गाड्या चेर्लापल्लीला वळवल्या आहेत. जाताना आणि येताना तिकिटावर कोणते नाव आहे ते बघा. चुकीच्या स्टेशनचे रिक्षाभाडे म्हणजे एका वेळची बिर्याणी गेली.

तीन, आरक्षण. आता 60 दिवस आधी खुले होते. त्याच आठवड्यात काढले तर खालचे बर्थ मिळतात. तत्काळच्या भरवशावर कुटुंब घेऊन निघू नका. ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी जोडलेले लागते.

चार, मुलांचे भाडे. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर अर्धे, हवा असेल तर पूर्ण भाडे. ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे, ती धरून हिशेब करू नका.

पहाटे सोलापूर आले तेव्हा अम्मी आपणहून उठून खिडकीशी बसल्या. गाडी थांबली तेवढी मिनिटे त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही विचारले नाही.

राहायचे कुठे?

नामपल्ली स्टेशनच्या आसपास आणि आबिड्सकडे साधे कौटुंबिक लॉज भरपूर आहेत. स्टेशन जवळ, मेट्रो जवळ, युसुफैन दर्गाही तिथेच. चारमिनारच्या अगदी शेजारी राहण्याचा मोह होतो. पण तिथे गर्दी आणि आवाज फार. सामान आणि म्हातारी माणसे असतील तर नामपल्ली बरे.

एक कडवी गोष्ट सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी फोनवर खोली ठरवली होती. तिथे पोचून नाव सांगितले आणि ‘खोली भरली’ असे उत्तर मिळाले. रात्रीची वेळ, मुले झोपेला आलेली. मुलीने विचारले, “आपल्यालाच का नाही?” आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे. बुकिंग करताना सगळ्यांची पूर्ण नावे लिहून पाठवायची, खोली मिळाल्याचा लेखी मेसेज घ्यायचा, थोडी रक्कम आधी भरायची आणि पावती जपून ठेवायची. हैदराबादेत असा त्रास झाला नाही. तरी नियम मोडला नाही. प्रत्येक मोठ्या माणसाचे मूळ ओळखपत्र आणि दोन झेरॉक्स बरोबर ठेवा. मुलांचे आधारही घ्या.

खोली ठरवताना तीन प्रश्न विचारा : लिफ्ट आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता येते. म्हाताऱ्या माणसाची सहल या तीन उत्तरांवर अवलंबून असते.

पहिला दिवस : चारमिनार आणि बाजार

दुपारी पोचलो, आंघोळ, जेवण, जोहर. थोडे आडवे होऊन चारच्या सुमारास निघालो.

चारमिनार 1591 मध्ये मोहम्मद कुली कुतुबशाहने बांधला. हे हिजरी 1000 च्या उंबरठ्यावरचे वर्ष. मिनारांची उंची सुमारे 56 मीटर. वरच्या मजल्यावर मशीद आहे, पण पर्यटकांना पहिल्या मजल्यापर्यंतच जाता येते. जिना गोल, अरुंद आणि पायऱ्या उंच. गुडघेदुखी, दमा, गरोदरपण असेल तर चढू नका. भारतीयांना तिकीट रोख 25 रुपये, ऑनलाइन 20, आणि 15 वर्षांखालील मुले मोफत. आत जायचे तर संध्याकाळी बंद होण्याआधी पोचा. दिवे लागल्यावर बाहेरूनच बघायला मिळतो.

आमची मुले वर गेली. अम्मी खाली ओट्यावर इराणी चहा घेऊन बसल्या. वरून नातवंडांनी हात हलवले, खालून अम्मींनी. “दिसला ना, बस्स,” एवढेच म्हणाल्या.

हा बांधणारा सुलतान स्वतः दखनीत शायरी करायचा. ऋतू, फळे, सण, पाऊस असे रोजचे विषय. आपल्या घरची बोली एका बादशहाची कवितेची भाषा होती, हे मुलांना जरूर सांगा. घरात दखनी बोलायला लाजणारी मुले आहेत, त्यांच्यासाठी तर नक्कीच.

शेजारीच लाड बाजार. लाखेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध. पहिल्या किमतीच्या अर्ध्याहून खाली सुरुवात करा, हसत हसत. मोती घ्यायचे तर पावती देणाऱ्या जुन्या दुकानातच, रस्त्यावर ‘असली’ म्हणून दाखवतात ते घेऊ नका. मोती हैदराबादेत पिकत नाहीत. इथली कारागिरी त्यांना भोक पाडून माळ ओवण्याची.

दुसरा दिवस : गोवळकोंडा आणि कुतुबशाही मकबरे

सकाळी लवकर निघा, नऊच्या सुमारास फाटकावर असलात तर ऊन चढायच्या आत वरचा भाग होतो. जुन्या शहरापासून गोवळकोंडा साधारण 10-11 किलोमीटर. बसने जाता येते. पाच-सहा जण असाल तर गाडी वाटून घेणे परवडते.

फतेह दरवाजाशी घुमटाखाली टाळी वाजवा, ती वर बाला हिसारला ऐकू येते. शत्रू आल्याची खबर देण्याची ही युक्ती. दोन मुलांना वर पाठवून आमच्या पोरांनी हा प्रयोग खरोखर केला. वरपर्यंत सुमारे 360 पायऱ्या आहेत. पाण्याची बाटली प्रत्येकाच्या हातात हवी.

आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर 1687 मध्ये हा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला. तानाशाहला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. त्याची कबर आपल्या महाराष्ट्रात, खुलताबादला आहे. म्हणून किल्ल्यापासून दीडेक किलोमीटरवर असलेल्या कुतुबशाही मकबऱ्यांत बाकीचे सुलतान भेटतात, हा शेवटचा भेटत नाही.

मकबऱ्यांची बाग मोठी, शांत, सावलीची. वयस्क माणसांना किल्ल्यापेक्षा हीच जागा मानवते. किल्ला चढू न शकणाऱ्यांना थेट इथे आणून बसवा. हयात बख्शी बेगम यांचा मकबरा मुलींना दाखवा. एका सुलतानाची मुलगी, दुसऱ्याची बायको, तिसऱ्याची आई. राज्यकारभारात त्यांचा शब्द चालायचा. गेल्या काही वर्षांत आगाखान ट्रस्टने या परिसराची उत्तम दुरुस्ती केली आहे.

संध्याकाळी हुसेनसागरच्या काठावर. मुलांना होडी, मोठ्यांना वारा. ताकद उरली असेल तरच. आम्ही अम्मींना घेऊन खोलीवर परतलो, मुले काकांबरोबर गेली.

तिसरा दिवस : मक्का मशीद आणि सालारजंग

मक्का मशिदीचे काम मोहम्मद कुतुबशाहच्या काळात सुरू झाले आणि 1694 मध्ये औरंगजेबाच्या काळात पुरे झाले. मधल्या कमानीच्या विटांत मक्केची माती मिसळल्याचे सांगतात, त्यावरून नाव. आवारात आसफजाही घराण्याच्या कबरी आहेत. कपडे साधे, डोके झाकायला ओढणी आणि चपला ठेवायला पिशवी. महिलांनी नमाज कुठे पढायची ते आत शिरण्याआधी तिथल्या खिदमतगारांना विचारून घ्या. आमच्या घरच्या बायकांनी खोलीवरच पढून घेतली होती, त्यामुळे धावपळ झाली नाही. प्रवासातल्या कसर नमाजचे मसले आपल्या इमामसाहेबांना निघण्याआधीच विचारा.

मग सालारजंग संग्रहालय, मूसी नदीच्या काठी. एका माणसाने, तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी, आयुष्यभर जमवलेला हा साठा. ते 1949 मध्ये गेले आणि 1951 मध्ये संग्रहालय खुले झाले. सगळे बघायला दोन दिवस लागतील. तुम्ही चारच गोष्टी ठरवून बघा : बेंझोनीने 1876 मध्ये घडवलेली बुरख्यातली रेबेका, पुढून पुरुष आणि मागून स्त्री असा लाकडी पुतळा, जहांगीरचा खंजीर आणि वाजणारे घड्याळ. दर तासाला घड्याळातून छोटा दाढीवाला माणूस बाहेर येऊन टोल देतो. बाराचे टोल बघायला झुंबड उडते, पावणेबारालाच जागा धरा. व्हीलचेअर मिळते का ते दारातच विचारा.

मूसीच्या काठावर मुलांना आणखी एक गोष्ट सांगा. सप्टेंबर 1908 मध्ये या नदीला महापूर आला, हजारो माणसे गेली. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडाने दीडशे माणसांना फांद्यांवर धरून वाचवले, असे सांगतात. आपल्या पुण्याने 1961 मध्ये पानशेतचा पूर बघितला. त्यामुळे मुलांना हे लगेच कळते. पुरानंतर तिथे उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले.

रात्रीच्या गाडीने परत. चौथ्या दिवशी सकाळी पुणे, दुपारपर्यंत घर.

खाणे

सकाळी नहारी-कुलचा नाहीतर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट. दुपारी बिर्याणी. एक प्लेट दोघांना पुरते, आधी कमी मागवा. सोबतचे मिरची का सालन आपल्याकडच्या माणसालाही घाम फोडते, मुलांना दही द्या. शेवटी खुबानी का मीठा नाहीतर डबल का मीठा. रोज दोन वेळा हॉटेल केले तर पोट आणि पाकीट दोन्ही बिघडते. रात्री आम्ही फळे, ब्रेड, दूध असेच भागवले. जातानाच्या प्रवासाला घरून चपाती-चटणी आणि उकडलेली अंडी घ्या.

शहरात फिरणे

मेट्रो स्वच्छ आणि स्वस्त आहे, पण जुन्या शहरात अजून पोचलेली नाही. एमजीबीएस स्टेशनपर्यंत मेट्रो, पुढे रिक्षा. रिक्षावाल्याशी भाडे आधी ठरवा नाहीतर अ‍ॅपवरून बोलवा. तेलंगणातला बायकांचा मोफत बसप्रवास तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आपल्याला तिकीट लागते.

हिशेब : चार जणांच्या कुटुंबाचा

आमच्या वहीतले आकडे असे. तुमच्या वेळी थोडे इकडेतिकडे होतील.

- स्लीपरने जाणे-येणे, चारही बर्थ : सुमारे 3,000 रुपये
- लॉज, दोन रात्री : 3,000
- खाणे : 3,000
- लोकल, मेट्रो, रिक्षा, बस : 1,600
- सगळी प्रवेश तिकिटे : 600
- अडीअडचणीसाठी वेगळे : 1,800

एकूण 13,000. खरेदी यात नाही. तिचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकीट संपले की बाजार संपला!

शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत खोली ठेवायची असेल तर लॉजवाले अर्ध्या दिवसाचे घेतात. आम्ही सामान त्यांच्याकडे ठेवून खोली सोडली.

आता पैसे जमवायचे कसे? तीन घरांतल्या बायकांनी भिशीसारखी पेटी केली. प्रत्येक घराने महिन्याला 1,100 रुपये, बारा महिने. 13,200 होतात. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. मधे कोणाला गरज पडली तरी हात लावायचा नाही असे ठरले होते. एकदा एका घरात आजारपण आले, तेव्हा बाकीच्या दोघींनी आपल्याकडून उसने दिले, पेटी उघडली नाही. कर्ज काढून किंवा कार्ड घासून सहल करू नका. परत आल्यावर हप्ते भरताना चारमिनारचा राग येतो.

निघण्याआधी एकदा तपासा

- तिकिटावरची तारीख आणि दोन्ही स्टेशनांची नावे
- मूळ ओळखपत्रे, लॉजचा लेखी मेसेज
- बीपी-शुगरच्या गोळ्या दोन ठिकाणी, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसह
- प्रत्येक मुलाच्या खिशात आईवडिलांचा नंबर लिहिलेला कागद
- जानमाज, टोपी, ओढणी, चपलांची पिशवी
- रोज एकच मोठी जागा. दोन ठरवल्या तर एक बागेसारखी, बसायची असावी

घरात कोणी मोठे माणूस ‘एकदा बघायचे होते’ असे म्हणत असेल तर हा हिशेब आज रात्रीच त्यांच्यासमोर मांडा. पहिले 1,100 रुपये पेटीत टाकायला चांगला मुहूर्त लागत नाही. आमच्या पेटीत आता पुन्हा पैसे पडू लागले आहेत. या वेळी खुलताबादला जायचे ठरले आहे. अम्मी म्हणाल्या, राहिलेला सुलतान बघून येऊ. तिथल्या पायऱ्या किती आहेत, ते मात्र त्यांनी आधी विचारून ठेवायला सांगितले आहे.